प्रति मीटर

चुरी साहेबांना पाचपर्यंत एकच उत्तर हवंय:
कुठली विहीर जिंकली.

विहीर म्हटलं की आईला अजून रहाट आठवतो.
तिला कसं सांगू, ही दोन किलोमीटर खाली जाते,
मग कुशीवर वळते आणि आडवी होते
काळ्या, घट्ट, कंजूष खडकात,
जो आपण होऊन थेंबभर तेल सोडत नाही.
तो फोडायचा, पाण्याच्या दाबाने,
आणि भेगा मिटू नयेत म्हणून त्यांत वाळू भरायची,
दार लागू नये म्हणून फटीत चप्पल सरकवतात तशी.

सात नंबर: चौदाशे मीटर आडवी, अठ्ठावीस टप्पे, वाळू बेताची.
नऊ नंबर: एकोणीसशे मीटर, सत्तावन्न टप्पे, वाळू दुप्पट,
पाण्यासारखा पैसा
आणि पैशासारखं मोजलेलं पाणी.
दोघी मेहसाण्याच्या पलीकडे, एकाच बांधाआत.
मी वडाळ्याला, बाराव्या मजल्यावर.
समोर माहुलच्या टाक्या, आणि ती ज्योत
जी दिवसा नुसती हवा थरथरवते.

आधी लांबीने भागलं.
धाकटीला थोरलीचा झगा घालून मापं घेऊ नयेत,
एवढा न्याय गणितातही आहे.
नव्वद दिवसांत सातचे मीटरमागे दहा बॅरल,
नऊचे पंधरा.
स्लाइडवर हिरवा बाण.
एल्विरा म्हणाली, झालं की, पाठव, चहाला चल.

पण हे नव्याचे नव्वद दिवस.
मी रेषा पुढे ओढली.
नऊ घसरगुंडीवरून आली, सरळ.
सात जिन्याने उतरत होती, कठड्याला हात धरून.
दीडशेव्या दिवशी दोघी एका पायरीवर,
चारशेव्यापर्यंत एकूण बेरजेतही
सात पुढे.

का?
खडक तोच. दाब तोच. फोडणारी कंपनी तीच.
अडीच तास फायली उपसल्या,
चहा दोनदा गार झाला.
शेवटी रात्रपाळीच्या वहीचं स्कॅन, वाकडं,
कोपऱ्यात कपाचं वर्तुळ.
वजेसंग ठाकोर, ऑपरेटर. अक्षर गुजराती;
मी घाटकोपरात वाढले, अडखळत का होईना, वाचलं:
वाळू वर येतेय. चोक थोडा आवळला.
साहेबांना सकाळी सांगेन.

सकाळी सांगितल्याची नोंद नाही.
पुढच्या रात्री: अजून थोडा आवळला.
त्याच्या पुढच्या रात्री फक्त: ठीक आहे.

नऊ नंबरवर दुसरा कोणी होता.
त्याच्या वहीत वरून आलेला निरोप चिकटवलाय:
चोक पूर्ण उघडा ठेवा,
मुंबईला नव्वद दिवसांचा आकडा दाखवायचाय.

मुंबई म्हणजे मी.

तारीख पाहिली. निरोपाच्या आदल्या सोमवारी
तो आकडा मीच मागितला होता,
शेवटी दोन उद्गारचिन्हं देऊन.

तक्त्यात रकाने आहेत: टप्पे, वाळू, पाणी, खर्च.
कुणीतरी हात आखडता घेतला,
भेगेतली वाळू भेगेतच राहू दिली,
याला रकाना नाही.

शिवडीकडे ओहोटी लागलेली.
राखाडी गाळ उघडा पडलाय मैलभर,
त्यात बाटल्या, दोरखंड, खेकड्यांची भोकं.
आमचा खडकही कधी असाच गाळ होता,
मऊ, घाणेरडा, कुणाच्या हिशेबात नसलेला.
त्याला दगड व्हायला कोट्यवधी वर्षं लागली
आणि मी त्याला नव्वद दिवस दिले.

चार छप्पन्न. हिरवा बाण पुसला.
एक रकाना वाढवला. त्यावर काय लिहावं सुचेना,
म्हणून लिहिलं: वजेसंग.
खाली सातसमोर, हो. नऊसमोर, नाही.
पाठवलं.

पाच वाजून नऊ मिनिटांनी उत्तर आलं:
छान. हे वजेसंग कुठलं सॉफ्टवेअर?
आपल्याकडे लायसन्स आहे का?

रात्रपाळी आठला सुरू होते.
साइटचा नंबर काढून ठेवलाय.
काय बोलायचं ते अजून ठरत नाही,
माझं गुजराती फक्त भाजीवाल्यापुरतं.