साक्षीदार

आमच्या बेटावर कुंपण ठोकत नाहीत, रुजवतात.
हायड्रेंजियाची ओळ, पुरुषभर उंच,
जुलैत इतकी निळी की बोटीतले पाहुणे फोटो काढतात
आणि त्यांना वाटतं, इथे सगळं छान चाललंय.

ग्वाल्तेर आणि मी अकरा वर्षं बोललो नव्हतो.

कुंपण चालतं, हे पाहुण्यांना कुठून कळणार?
एका अंगाने छाटायचं, दुसऱ्या अंगाने वाढू द्यायचं,
की दोन-तीन सालांत वीतभर पुढे.
मी म्हणायची, हा माणूस बांध कोरतोय.
तो गावभर सांगायचा, कात्री कुणाच्या घरात आहे ते बघा.
एका रात्री मी त्याच्या बाजूला चुन्याची पोती रिकामी केली.
पुढच्या उन्हाळ्यात तेवढाच पट्टा गुलाबी फुलला,
थेट चर्चच्या पायऱ्यांवरून दिसायचा.
पाद्री काही बोलले नाहीत,
मिस्सानंतर माझा हात जरा जास्त वेळ धरला, एवढंच.

होर्ताहून मोजणीवाला आला, तीन पायांचं पिवळं यंत्र घेऊन.
दुपारभर मोजून म्हणाला,
नकाशावरची रेघ जाड पेन्सिलीची आहे, बाई.
तुमचं अख्खं भांडण तिच्या जाडीत मावतंय.
पैसे मात्र दोघांकडून घेतले.

मग ओदीलिया आली, ग्वाल्तेरची लेक, टोरांटोहून,
पिवळे गमबूट घातलेलं पोर काखेला.
म्हणाली, बाबांचे गुडघे गेलेत, रान विकायचंय,
हद्दीचा निकाल लागल्याशिवाय कोणी हात लावत नाही.
मी तिला चीज बांधून दिलं. उत्तर दिलं नाही.

शेवटी लाउरियानोला आणलं.
एक्क्याण्णव वर्षांचा, एका कानाने ठार बहिरा.
कुंपणाशी खुर्ची मांडली, मांडीवर घोंगडी घातली.
म्हणाला, साक्षीदार आहेत ना, पुरलेले.
कौल फोडायचं, हद्दीच्या दगडाखाली दोन तुकडे ठेवायचे.
दगड काय, कोणीही सरकवतो. खालचं कौल विसरतो.
तुझ्या सासऱ्याने फोडलं, याच्या आजाने खड्डा खणला,
मी आठ वर्षांचा, मला एक सणसणीत कानफटात दिली,
जन्मभर जागा लक्षात राहावी म्हणून.
हे सांगताना त्याचा हात कानाकडे गेला,
त्याच कानाकडे.

त्याने काठी टेकवली तिथे खणलं.
मुळं तोडण्यात सकाळ गेली. टिकाव माझा, फावडं ग्वाल्तेरचं.
अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य होतं: "बोटं सांभाळ."
दगड निघाला, आडवा,
अठ्ठ्याण्णवच्या भूकंपात लवंडला असेल.
त्याच्याखाली कौलाचे दोन तुकडे.
मी एप्रनला पुसले, जुळवून पाहिले.
जुळले, कोपऱ्यातली एक कपची सोडून.

आणि हे सगळं माझ्या कोबीत,
ओळीपासून चांगलं दोन हात माझ्या बाजूला.

म्हणजे कोरत होतो आम्हीच.
मी नव्हे, बेल्मिरू, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो,
हिवाळ्यात शीळ घालत कात्री घेऊन जायचा,
आणि मी खिडकीतून बघत म्हणायची, बागेची किती माया याला.

"कोबी तुझे," मी म्हणाले.
ग्वाल्तेर बराच वेळ कोबीकडे बघत राहिला.
"मला कोबीने वात होतो," म्हणाला. मग,
"चुना किती पोती होता?"
"तीन."
"मी चार धरली होती."

ओळ आहे तिथे राहील, कागदावर हद्द कौलाची,
कोबी काढेपर्यंत माझे, पुढचं नव्या मालकाशी,
हे ठरलं उभ्या उभ्याच, चिखलात.
तुकडे पुन्हा पुरायला पोराच्या हातात दिले.
खुर्चीतून लाउरियानो ओरडला, द्या त्याला एक!
पोराने तुकडे टाकले आणि दोन्ही कान घट्ट झाकले,
त्यामुळे कुठे पुरायचं ते त्याला ऐकूच गेलं नाही.
पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने,
मी एकीकडून, ग्वाल्तेर दुसरीकडून.