सोमवारची धार

पहाटे पाचला आबा गंगावेशीत
रतन म्हशीच्या कासेला पाणी मारतात.
साडेसहाला मी, राजारामपुरीच्या तळघरात,
शिशाच्या डब्याला मिठाचं पाणी.
निर्वात बाटली उलटी बसवली
की धार आपोआप ओढली जाते.
फेस नाही, वास नाही, रंगही नाही.
आमच्यात यालाही दूध काढणंच म्हणतात,
हे ऐकून आबा हसून हसून खोकले.
"मग वैरण काय घालतीस गं?"

वैरण नाही, आबा. आत मॉलिब्डेनम आहे.
त्याच्या केंद्रकात मांडणी जमत नाही.
एक न्यूट्रॉन कूस बदलून प्रोटॉन होतो,
एक इलेक्ट्रॉन कडी न वाजवता निघून जातो,
मागे उरतं टेक्नेशियम, बसल्या जागी अस्वस्थ.
तेच आजचं दूध.
डबा सहासष्ट तासांत निम्मा आटतो.
पुढच्या सोमवारी रुपयातले सतरा पैसे.

"निम्मं म्हंजे कुठलं निम्मं?"

चाळीस वर्षं म्हशी पाळलेला माणूस.
कुठली आज पान्हा चोरणार,
कुठली पंधरवड्यात भाकड,
पाठीवर हात ठेवून सांगतात.

कुठलं, ते कुणालाच सांगता येत नाही, आबा.
वाट बघून तिथं कुणी थकत नाही,
कुणाची घटका भरत येत नाही.
जे टिकलंय ते कालच्याइतकंच कोरं.

आबा गप्प. मग म्हणाले, "म्हातारपण न्हाई म्हण की."
आणि गुडघ्यावर हात रोवून
उठायला वेळ घेतला.

नऊला शहाबाई मुल्लाणी, कागलहून.
पाठ दुखते, हाडांचं स्कॅन.
"सुईतलं अंगातच ऱ्हातंय व्हय?"
सहा तासांत निम्मं, मावशी. झोपेपर्यंत निम्म्याचं निम्मं.
पाणी भरपूर प्या.
आज नातवाला मांडीवर नको.
"त्येला कसं सांगू?" म्हणाल्या.
याला माझ्याकडे आकडा नव्हता.

दुपारी पडद्यावर ठिपके पडू लागतात.
एक ठिपका म्हणजे एक केंद्रक,
आत्ता, या क्षणी, किरण सोडून निवांत झालेलं.
आधी तुरळक, कुठेही,
मग बरगड्या, मग मणक्यांची माळ,
आणि खालून तिसऱ्यापाशी
जरा जास्तच गर्दी.
मी काही बोलत नाही. बोलायचं डॉक्टरांनी.

संध्याकाळी कट्ट्यावर आबा
धारोष्ण पेला पुढे करतात.
हात दोनदा धुतलेत.
तिसऱ्यांदा धुते,
मग घेते.