घूं करतो, फिरत नाही

आधी प्लग काढला. हे लिहून ठेवते,
कारण पाटकरवहिनी मजलाभर सांगत असतात
की ही बाई एक दिवस विजेला चिकटून मरणार.

कन्नमवार नगर, तिसरा मजला, ऑगस्ट अर्धा सरलेला.
दाराच्या कडीपासून देवघराच्या खिळ्यापर्यंत दोरी,
दोरीवर चार दिवसांचे कपडे
आणि घरभर शिळ्या ताकाचा वास.
पंख्याखाली परकर. पंखा त्याला नुसता हलवतो.

ड्रायर घूं करतो, फिरत नाही.
मेकॅनिक आला, झाकण उघडलं, झाकण लावलं,
"मावशी, कंपनीच बंद पडली. भंगारात चारशे येतील."
उभ्याउभ्या बघण्याचे दोनशे घेऊन गेला.

मी एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
पोरांनी जाळलेले गॅल्व्हॅनोमीटर जुळवलेत.
घूं म्हणजे मोटर जिवंत आहे.
घूं म्हणजे तिला जायचंय
आणि कुणीतरी तिला धरून ठेवलंय.

मागच्या झाकणाला सहा स्क्रू.
पाच निघाले. सहावा गंजून बसलेला;
त्याला खोबरेल पाजलं, स्वतः चहा प्याले,
परत आले तर तो ऐकायच्या तयारीत.
स्क्रू वाटीत, वाटी ओट्यावर, आमटीपासून लांब.

आत करड्या लोकरीसारखी धूळ,
ब्लाउजची हुकं, एक चार आण्याचं नाणं,
ज्याला आता चार आणेसुद्धा कुणी म्हणत नाही.
कपॅसिटरच्या दोन टोकांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला.
टच्. निळी ठिणगी.
"नमस्कार," म्हटलं.

मग ती दिसली:
झाकणाकडून ब्रेककडे येणारी तार, मधोमध तुटलेली.
गोष्ट साधी आहे. झाकण लावलं की तार ताणली जाते,
ब्रेक सुटतो, टाकी फिरते.
तार नसेल तर ब्रेक लागलेलाच.
म्हणजे थांबणं ही या यंत्राची मूळची सवय,
फिरायचं तर कुणीतरी ओढून धरावं लागतं.
हे मला पुस्तकात कुणी सांगितलं नव्हतं.

जिन्याखाली श्रीरंगची सायकल. नऊ वर्षं झाली.
तो तिकडे एडमंटनला, तिथले कपडे म्हणे
पेटीतून पापडासारखे गरम निघतात.
"आई, नवीन घे ना, मी पैसे पाठवतो."
टायर जमिनीला चिकटलेत, साखळीचा गंजून गठ्ठा,
ही अडगळ हलवणार नाही असं
सोसायटीला मीच तीनदा लेखी दिलंय.
पण मागच्या ब्रेकची तार
काळ्या नळीच्या आत होती,
ओढली तर सरसर आली, चकचकीत,
बोटांना अजून तेल लागलं.
पकडीने कापली.
फारसा आवाज झाला नाही.

पहिल्यांदा आखूड बांधली, झाकण लागेना.
दुसऱ्यांदा सैल, पुन्हा तेच घूं.
तिसऱ्यांदा कनेक्टरच्या पितळी नळीत आवळली,
ओढून पाहिली, मोटेवरच्या दोरीसारखी ताठ.
प्लग लावताना, खरं सांगते,
रबरी चप्पल घातली होती.

आधी कुरकुर. मग दोन उशांचे अभ्रे
भिंतीला भिंगरी लागावी तसे गेले,
मशीन मोरीच्या फरश्यांवर दोन पावलं चाललं,
नळीतून पाणी सुटलं, भळभळ.
मी मध्येच झाकण उघडलं.
टाकी तिथल्या तिथे थांबली.

उतारावरून तो असाच यायचा,
फाटकाला आपटणार वाटेपर्यंत,
आणि मग नाही आपटायचा.

पाटकरवहिनी दारात, हातात बादली.
"जिवंत आहात ना? मग आमचे दोन टॉवेल…"

सहावा स्क्रू लावला नाही.
राहू दे वाटीत, खोबरेलात.
पुन्हा कधी आत जावं लागलं
तर एवढी तरी वाट मोकळी असावी.