पासंग

सावद्याच्या शाळेनं करिअर मार्गदर्शनाला बोलावलं.
फळ्यावर लिहिलं होतं
डॉ. यामिनी देवचंद भारंबे, हवामान शात्रज्ञ.
एक स गळालेला. मी काही बोलले नाही,
पण नजर परत परत तिथंच जात राहिली.
धंद्याची खोड.

बाहेर चव्वेचाळीस. इथं एप्रिलमध्ये
त्याला कुणी बातमी म्हणत नाही.
पहिला प्रश्न मागून आला:
मॅडम, उद्या भुसावळला किती?
म्हटलं, ते सांगणारे वेगळे. ते टीव्हीवर दिसतात.
मग तुम्ही काय करता?

छत्तीस हजार किलोमीटर वर आपला एक काटा आहे.
मी त्याचा पासंग काढते.

वर्ग गप्प.
इलेक्ट्रॉनिक काट्यावर वाढलेली पोरं ही,
पासंग कुठून ठाऊक असणार?
मागच्या बाकावर नारखेडे सर
एकटेच हसले.

मग सांगितलं आप्पांचं.
आप्पा मापाडी. केळीच्या मोसमात पहाटे चारला
कंदील, तराजू, खांद्यावर ओलं पोतं.
आधी रिकामी पारडी दाखवायची,
काटा थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही,
मगच घड.
दांडी मारणं ही आमच्या घरात शिवी होती;
मी कॉलेजला मारली तेव्हा
एकाच शब्दात दोनदा ऐकून घेतलं.

वरचं यंत्रही तेच करतं.
आरसा आधी वळतो मोकळ्या अवकाशाकडे,
जिथं काहीच नाही. ते शून्य.
मग स्वतःच्याच पोटातल्या एका तबकडीकडे,
नांगरून उघड्या पडलेल्या कपाशीच्या रानासारखी काळी,
जिचा ताप आपल्याला नेमका ठाऊक आहे.
आणि मग पृथ्वीकडे. तुमच्या केळीकडे,
तापीकडे, सातपुड्यावर चढणाऱ्या ढगाकडे.

पण वर गेलेलं यंत्र म्हातारं होतं.
त्याच्या काचेवर काय साचलं
ते पुसायला कुणी जाऊ शकत नाही.
मार्चातल्या काही मध्यरात्री
सूर्य पृथ्वीच्या कडेवरून थेट त्याच्या तोंडात डोकावतो,
आणि ते अर्ध्या अंशाची थाप मारतं,
अगदी निरागस चेहऱ्यानं.
त्या रात्री आम्ही जागे असतो.
आमचं नाव कुठल्याच अंदाजाखाली येत नाही.
अंदाज चुकला तर मात्र
पहिला फोन आम्हालाच.

नसीबा तडवी उभी राहिली, वेणीचं टोक बोटाला गुंडाळत.
नोकरी लागते का पण?

खोटं कसं बोलणार, तेही या विषयावर!
म्हटलं, जागा थोड्या. जाहिरात निघेपर्यंत
केस पिकतात. मी चार वर्षं कंत्राटावर होते,
दर मार्चला सही, दर मार्चला पोटात गोळा.
भौतिकशास्त्र घे. संख्याशास्त्राला भिऊ नकोस.
प्रोग्रॅम लिहायला शीक.
आणि तुझं उत्तर बरोबर आलं
की त्या दिवशी थोडी जास्त घाबर.
तिनं हे शेवटचं वहीत लिहून घेतलं,
आणि खाली रेघ मारली, पट्टीनं.

संध्याकाळी ओट्यावर आप्पांनी विचारलं,
तुझा काटा कोण तपासतं?
दुसरे उपग्रह, म्हटलं. समुद्रात तरंगणारी तापमापकं.
आणि त्यांचा?
प्रयोगशाळेतली, त्यांहून नेमकी.
आणि तिचा?
मी हसले. ते हसले नाहीत.
आत गेले, पत्र्याच्या डब्यात बराच वेळ खुडबुडले,
आणि माझ्या तळहातावर ठेवलं
सुतळीत ओवलेलं एक लोखंडी वायसर,
गंजानं काठ खाल्लेलं,
जे तीस वर्षं डाव्या पारड्याला बांधलेलं होतं.

याचं वजन किती, आप्पा?

ते कशाला पाह्यजे, म्हणाले,
चुकीएवढं.