पुढचं सभासदांसाठी

गुरुवारी पहाटे सहाला पत्र सुटतं.
साडेचारला भट्टी पेटवायची,
बर्चची लाकडं ओली निघाली तर पाच होतात,
मग शेवटची ओळ
पीठ लागलेल्या बोटानं लिहिली जाते
आणि एखादं अक्षर आठवडाभर चिकट राहतं.

पत्र फुकट. दोन हजार तीनशे चौदा जणांना.
पैसे देणारे एकसष्ट.
हा आकडा मी कुणाला सांगत नाही, तावेत सोडून.
तावेत माझा जावई, तार्तूला असतो,
असल्या गोष्टींचं त्याचं शिक्षण झालंय.
तो म्हणतो, चव द्यायची, ताट नाही.
म्हणतो, वाचणारा जिथे पुढे झुकतो
तिथेच कापायचं.
मी विचारलं, झुकलेला तुला दिसतो का?
म्हणाला, दिसतो. आणि आलेख दाखवला.

हिउमाला सून होऊन आले तेव्हा
सासूची एक लाकडी काथवट होती, कधीच न धुतलेली.
तळाला गेल्या खेपेचं पीठ वाळून बसलेलं,
त्यातच नवं राय, कोमट पाणी, रात्रभर झाकण.
शेजारीण आली तर मूठभर खरवडून द्यायची.
विरजणाचे पैसे घेतले तर ते रुसतं, म्हणायची.
पण मीठ किती आणि कधी,
ते तिनंही कुणाला सांगितलं नाही.
शेजारणीचा पाव कायम थोडा अळणी.

तेव्हा हातचं राखणं मला नवं नाही.
आता फक्त त्याला महिन्याला पाच युरो पडतात
आणि एक करडी रेघ असते,
रेघेखाली: पुढचं सभासदांसाठी.

आर्वी पिहलाकस, राहणार हापसालू, खाडीपलीकडे.
प्रत्येक पत्र उघडतो. एकदा नाही, नऊदा, अकरादा,
रात्री दोनलासुद्धा. यंत्र सगळ्या चहाड्या सांगतं.
तीन वर्षांत एक युरो नाही.
तावेतनं त्याला तीनदा सवलत पाठवली,
एकदा तर ‘अखेरची संधी’ असं लिहिलं, माझ्या नावानं.
मला लाज वाटली, पण मी ते थांबवलं नाही.
नोव्हेंबर होता, साडेतीनला अंधार,
लाकडाचं बिल टेबलावर.

मग एका गुरुवारी रेघ टाकायचीच राहिली.
सगळं पत्र सगळ्यांना. मिठासकट.
साडेसहाला लक्षात आलं, तोवर बाण सुटलेला.
तावेतचा फोन. पुन्हा आलेख.
दोघं सोडून गेले, चार नवे आले, पैसे भरून,
का, ते त्यालाही सांगता येईना.

दुपारी आर्वीचं उत्तर. पहिलंच.
‘बाई, आज पुढचंही आलं, चूक झाली असावी.
मी रेघेपर्यंत वाचतो आणि उरलेलं स्वतः लिहितो.
बोटीवरची नोकरी संपल्यापासून झोप नाही,
एकशे एकतीस झाली, वहीत आहेत.
आजचं तुमचं माझ्याशी जुळत नाही.
तुम्ही मीठ शेवटी घालता, मी आधी.
माझा पाव तडकतो. मला तसाच आवडायला लागलाय.
कृपया रेघ परत टाकावी.’

मला हसू आलं, मग राग आला.
तीन वर्षं माझ्या अर्ध्यावर कुणीतरी
आपलं अर्धं लावत बसलं होतं
आणि मी त्याला फुकट्या म्हणत होते.
ओट्यावरचं पीठ दोनदा पुसलं.
मग लिहिलं: एखादं मला पाठवा.

त्यानं पाठवलं. मेच्या पत्राचं उरलेलं,
माझ्या वाक्यापासून सुरू,
जिथे मी कापलं होतं तिथूनच,
पीठ रात्री चढतं आणि काथवटीबाहेर येतं,
दार उघडून अंगणात, अंगणातून धक्क्याकडे,
बोटीचा खलाशी त्याला तिकीट विचारतो,
आणि पीठ म्हणतं

इथे रेघ. पट्टी न धरता ओढलेली, उजवीकडे उतरलेली.
खाली: पुढच्यासाठी
चारच्या बोटीनं एक पाव पाठवावा.

पावणेतीन झालेत.
पाव भट्टीतून आत्ता काढलाय,
कागदात गुंडाळावा इतका निवलेला नाही.