फक्त एक

"पायऱ्या नाहीतच," तो म्हणाला,
"फक्त एक आहे."

मी एव्होरात पियानो सुरात लावतो.
पाव स्वर घसरला तरी मला कळतं,
तसं या 'फक्त'चंही कळलं.

माझी बहीण ओतिलिया
त्रेसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न करतेय, पोर्तोला,
नदीवरच्या त्या उभ्या चढावर.
मला दोन रात्रींपुरती खोली हवी,
जिच्या दारातून मी आणि माझी खुर्ची
बरोबरच आत जाऊ.

आम्ही दोघं मिळून सहासष्ट सेंटीमीटर.

एका हॉटेलाच्या दारावर खुर्चीचं निळं चित्र आहे.
"आहे ना खोली. सध्या तिथे जादा गाद्या ठेवल्यात,
आणि नाताळचं झाड."
दुसऱ्याकडे न्हाणीघरात चकचकीत दांड्या,
न्हाणीघराचं दार चोपन्न.
पलंग किती उंच, विचारलं, तर
"पलंगाएवढा."
एकजण म्हणाला, "आमची पोरं उचलतील तुम्हाला."
आवाजात माया होती, खोटं कशाला बोलू.
पण मी पियानो उचलले जाताना पाहिलेत.
चार जिन्यांनंतर त्यांचाही सूर
महिनाभर जागेवर येत नाही.

रात्री पडद्यावर शोधलं.
नदी दिसेल : हमी.
न्याहारी मिळेल : हमी.
आत शिरता येईल :
तुमची विनंती कळवण्यात येईल.

एकोणिसाव्या फोनला एउलालिया.
टेप नव्हती तिच्याकडे.
"थांबा, छपाईचा कागद एकवीस रुंद असतो,
तेवढं मला पाठ आहे."
तिने दारात तीन कागद ओळीने मांडले.
"आणि वर माझी चार बोटं."
जाड की बारीक?
"आईवर गेलीत. जाड."

मग म्हणाली, फोन ठेवू नका,
आणि ऑफिसातली चाकांची खुर्ची घेऊन
स्वतःच बसून निघाली.
मला ऐकू येत होतं सगळं :
गालिच्यात चाकं बुडाली,
लाकडावर मोकळी झाली,
आणि मग ठक्.

बराच वेळ ती बोलली नाही.

"उंबरठा आहे," म्हणाली. "दोन सेंटीमीटर असेल.
अकरा वर्षं रोज ओलांडतेय मी हा.
पायांनी कधी सांगितलंच नाही."

पुढे ती न थांबता सांगत सुटली :
साबण हाताला येत नाही,
आरशात नुसतं छत दिसतं,
दिव्याचं बटण कपाटामागे,
कोणी ठेवलं हे कपाट इथे,
मीच ठेवलं असणार.
"खोली चांगली नाहीये हो. दुसरी बघता का?"

मी तीच घेतली.
नाव सांगितलं, फिर्मिनो.
कपाट हलवते म्हणाली, लगेच,
आणि फोन तसाच चालू राहिला.
लाकूड फरशीवर घासत होतं,
खालच्या सप्तकात, कर्कश,
मी मात्र ते शेवटपर्यंत ऐकलं.

मग ओतिलियाला कळवलं, खोली मिळाली.
ती आनंदाने ओरडलीच.
"आणि चर्चचं मी स्वतः पाहून आलेय," म्हणाली,
"पायऱ्या नाहीतच. म्हणजे..."

ओतिलिया, मी म्हटलं,
पुन्हा जा.
या खेपेला बसून जा.