वयाचा रकाना

"आई, किती ठेवू?" निहाल विचारतो,
आमटीत मीठ किती, तसं.
मी ओट्यापाशी मटकी निवडतेय.
लॅपटॉपवर तीन गोल: अल्प, मध्यम, दीर्घ.
त्याखाली एक चौकोन,
वय वाढू द्यावे का?

दिवसभर मी वॉर्ड ऑफिसात चार नंबरच्या खिडकीमागे असते.
जन्म-मृत्यू नोंदणी.
वयाच्या रकान्यात एक्क्याऐंशी लिहिते, चौपन्न लिहिते.
एकदा सहा तास लिहिले होते,
रकाना वर्षांचा, तास मावेनात,
तिरके लिहावे लागले.
किती ठेवू, असं मला तिथे
अजून कुणी विचारलेलं नाही.

"मध्यम ठेव," मी म्हणते.
पंखा तीनवर ठेवणाऱ्या घरात
दुसरं काय सुचणार.

त्याने आमचं घर बांधलंय त्या खेळात.
पंतनगरच्या आमच्या अख्ख्या खोलीएवढी
त्यातली मोरीच.
हॉलमध्ये पियानो. का, तर पैसे उरले होते.
मी आहे: जरा उंच, केस मोकळे,
साडी सापडली नाही म्हणून पिवळा फ्रॉक.
आणि त्याला चक्क मिशी.
"तेरा वर्षांचा ना रे तू?"
"पुढे ढकललं वय. परीक्षा संपल्या एकदाच्या."

मग तो अडतो.
अजून एक प्रश्न असतो म्हणे,
वय कुणाचं वाढावं?
फक्त घरातल्यांचं,
फक्त बाहेरच्यांचं,
की सगळ्यांचं.
माऊसवरचं बोट तसंच राहतं.
"आई, बाबा घरातले की बाहेरचे?"

कुकरची दुसरी शिट्टी होते.
रेशनकार्डावर आहेत अजून.
गॅसच्या पुस्तकावर तर त्यांचंच नाव,
सिलिंडरवाला त्यांच्याच नावाने हाक मारतो
आणि मी ओ देते.
राहतात घोडबंदर रोडला, कुठल्याशा सोळाव्या मजल्यावर.
महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येतात.
पूर्वी चपला आत, शिलाई मशीनखाली सरकवायचे,
आता दाराबाहेर काढतात, जोडीने, नीट.
मागच्या खेपेला कानशिलाशी पांढरं दिसलं.
कधी झालं ते?
माझ्याकडे नोंद नाही.

तिसरी शिट्टी. गॅस बंद करते.
"तू कुठे ठेवलंयस त्यांना?"
"शेजारचा प्लॉट रिकामा होता,"
तो माझ्याकडे न बघता म्हणतो.

"मग बंदच ठेव ना ते. नको वाढायला कुणाचंच."
"केलं होतं परवा. त्या समोरच्यांचं बाळ आहे ना,
अकरा दिवस पाळण्यातच. रडतंय, दूध पितंय,
परत रडतंय. पकलो मी."

मटकीत एक खडा सापडतो.
तो बाजूला ठेवते, उगाच
जपून, ताटलीच्या कडेला.
"सगळ्यांचं वाढू दे."
"मग मरतात पण, हां."
"माहीत आहे. दाखला मीच देते."
तो हसतो. टिचकी वाजते.

हात धुवायला उठतो तेव्हा
खेळ थांबवायला विसरतो.
पडद्यावर सकाळ होते, लगेच दुपार.
पिवळ्या फ्रॉकातली मी
फ्रिज उघडून नुसती उभी आहे,
हे मात्र त्याने हुबेहूब केलंय.
शेजारच्या प्लॉटवरून एक माणूस निघतो,
हातात कसलीशी बशी,
मधलं गवत तुडवत सरळ आमच्या दाराशी.
पोट थोडं कमी दाखवलंय. चाल तीच.
बेल वाजवतो.
कुणालाच न कळणाऱ्या त्या भाषेत
काहीतरी बोलतो, हातवारे करतो, थांबतो.

फ्रॉकवालीच्या डोक्यावर दोन शब्द उमटतात:
या. नंतर.

तिथे चपला काढायची सोय नाही.
तो बुटांसकट उभा आहे.
माझ्या बोटांना मटकीची टरफलं चिकटलेली.

बेल पुन्हा वाजते.
मोरीतून निहाल ओरडतो, "आई, कोण आलंय?"
"साबण लावून धू," मी म्हणते.